पिवळी चिठ्ठी लागलेली गाडी

मित्रांनो, रस्त्यावर तुम्हाला रोज शेकडो गाड्या दिसतात. त्यातलीच मी एक, वयाने बरीच जुनी. माझा रंग एके काळी मोत्यासारखा पांढरा होता. आता तो दुधावरच्या सायीसारखा झाला आहे आणि मला त्याचे फारसे वाईट वाटत नाही.

माझा जन्म जपानचा. माझे पहिले मालक कुवाबारा नावाचे औषधविक्रेते होते. ते पांढरे हातमोजे घालून मला चालवत आणि दर रविवारी मऊ कातड्याने पुसत. माझा आवाज कधी चढला नाही, माझ्या काचेवर कधी धूळ बसली नाही. नऊ वर्षांनी त्यांची नजर अधू झाली. त्यांनी मला एकदा वाकून नमस्कार केला आणि लिलावात पाठवले. तिथून मी जहाजाच्या पोटात शिरले. दोनशे गाड्या अंधारात चाकाला चाक लावून उभ्या होत्या आणि कोण कुठे जाणार हे एकीलाही ठाऊक नव्हते. डोळ्यांवर उजेड आला तो ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या बंदरात.

तिथे मला क्लेटन टॅपस्कॉटने विकत घेतले. बावीस वर्षांचा, हाताला कायम ग्रीस. त्याने मला नटवायला घेतले. माझे स्प्रिंग काढून आखूड बसवले, त्यामुळे मी जमिनीला टेकायच्या बेतात आले. सायलेन्सर बदलला, आणि मी आळीच्या टोकाला असले तरी घरातली भांडी थरथरू लागली. काचांना काळी फिल्म आली, स्टिअरिंग बशीएवढे झाले. खोटे कशाला बोलू? मला ते सगळे आवडले होते. पेट्रोल पंपावर पोरे माझ्याभोवती फेऱ्या मारत, तेव्हा मी मनातल्या मनात नाक वर करून उभी असे. क्लेटनचा कुत्रा तेवढा मागच्या सीटवर बसून सारखे काहीतरी चघळत असे. त्याच्याकडे मी लक्ष दिले नाही. तीच माझी चूक.

मग क्लेटन दूर पश्चिमेला लोखंडाच्या खाणीत कामाला गेला, कुत्राही घेऊन गेला आणि तिकडेच राहिला. मी त्याच्या आईच्या अंगणातल्या पत्र्याखाली तीन वर्षे उभी होते. निलगिरीची पाने माझ्या बॉनेटवर साचली, आरशामागे कोळ्याने संसार थाटला. ते दिवस आठवायला मला आजही आवडत नाही.

एके दिवशी क्लेटनच्या आईची स्वतःची छोटी गाडी कायमची बंद पडली. आईचे नाव ग्लेनिस. वय एकसष्ट, शाळेच्या कँटीनमधून नुकत्याच निवृत्त झालेल्या. त्यांनी किल्ली शोधली, माझे दार उघडले, कोळ्याला फुलझाडूने बाहेर काढले आणि म्हणाल्या, "चल बाई, तुझंही काही खरं नाही आणि माझंही."

तेव्हापासून तीन वर्षे दर शनिवारी त्या मला गवतावरच्या गोळ्यांच्या खेळाला, म्हणजे बोल्सच्या क्लबला नेऊ लागल्या. सोबत तीन मैत्रिणी. मागच्या सीटला त्यांनी स्वतः विणलेली चौकड्यांची गोधडी घट्ट शिवून टाकली. मी इतकी बुटकी की त्यातल्या गुडघेदुखीच्या वॅलबाईंना बाहेर काढायला दोघी लागत. "ग्लेनिस, ही गाडी आहे की आंघोळीचा टब?" असे त्या दर शनिवारी विचारत आणि तरी पुढच्या शनिवारी बसत. चार म्हाताऱ्या हसत-खिदळत जात आणि मी त्यांच्यासाठी गुरगुरत असे. माझ्या आयुष्यातले सर्वात सुखाचे दिवस मी कोणते म्हणेन, ते तुमच्या लक्षात आले असेल.

मग एका शनिवारी क्लबच्या दारातच एका तरुण पोलिसाने आम्हाला अडवले. तो माझ्या पोटाखाली टेप घालून बसला, आणि मग आत डोकावून त्याने पाहिले तर खेळाच्या पांढऱ्या टोप्या घातलेल्या चार म्हाताऱ्या.

"बाई, ही गाडी तुमची?"

"मुलाची आहे. का रे, काय झालं?"

"फार खाली आहे. आवाज फार आहे. काच काळी आहे. एवढं छोटं स्टिअरिंग नियमात बसत नाही."

"एवढंच ना?" मागून वॅलबाई म्हणाल्या. "माझ्यात याहून जास्त निघेल."

पोलिसाला हसू आवरेना, पण त्याने माझ्या काचेवर पिवळी चिठ्ठी चिकटवलीच. दोष दुरुस्त करून गुरुवारी तपासणी केंद्रात दाखवायचे. तोपर्यंत फक्त दुरुस्तीपुरते आणि तपासणीपुरतेच रस्त्यावर यायचे. गुरुवार चुकला तर नोंदणी रद्द.

त्या संध्याकाळी क्लेटनचा फोन आला. "आई, डोक्याला ताप करून घेऊ नको. गुरुवारी पास झाली नाही तर भंगारवाल्याला देऊन टाक. मी बोलून ठेवलंय त्याच्याशी."

मित्रांनो, मी बाहेर उभी होते, खिडकी उघडी होती आणि फोन स्पीकरवर होता. तो शब्द मी ऐकला.

ग्लेनिसबाईंनी फोन खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी क्लेटनचा जुना मित्र स्पिरो याला बोलावले. स्पिरो आला तो डिकीत चार स्प्रिंग, एक साधा सायलेन्सर आणि एक जुने स्टिअरिंग घेऊन.

"काळजी नको, मिसेस टी. हा सगळा संच आमच्या ग्रुपचा आहे. ज्याला चिठ्ठी लागते त्याच्या गाडीवर चढतो, पास झाला की पुढच्याकडे जातो."

"म्हणजे उसना?"

"उसना म्हणजे काय, घरचाच."

दोन दिवस त्याने माझ्यावर काम केले. फिल्म खरवडली, इंजिन धुतले, मला उंच केले. उसने कपडे घालून मुलगी दाखवायला नेतात, तसे मला वाटत होते. तरी एक सांगते: वॅलबाई चाचणी म्हणून आत बसल्या आणि कोणाच्या मदतीशिवाय बाहेर आल्या. त्यांनी स्वतःच टाळ्या वाजवल्या.

गुरुवारी अकराला आम्ही केंद्रात पोचलो. तपासनीस होते ग्रिंटर, सडपातळ, कानामागे पेन. मला लिफ्टवर चढवून ते माझ्याखाली गेले. मग म्हणाले, "हे स्प्रिंग ओळखीचे आहेत. हा पांढरा ठिपका मीच लावलाय. यंदा त्यांची-माझी ही चौथी भेट."

स्पिरो बुटांकडे बघू लागला. ग्लेनिसबाई मानेपर्यंत लाल झाल्या. "मग चालणार नाही का?"

"आज गाडीवर जे आहे ते मी बघतो. उद्या काय असेल ते तुमचं तुम्ही बघा." त्यांनी चारही गोष्टींवर खुणा केल्या. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच त्यांनी मागचे दार उघडले. "मागचे सीटबेल्टचे पट्टे कुठायत?"

"गोधडीखाली असतील."

गोधडी उसवली. उजवा पट्टा ठीक होता. डावा मध्यभागी अर्ध्याहून जास्त कुरतडलेला होता. कुत्र्याचे काम! तीन वर्षे त्यावर सुंदर लोकरीचे चौकोन बसले होते, आणि त्या चौकोनांवर बसून दोन म्हाताऱ्या दर शनिवारी पट्ट्याशिवाय प्रवास करत होत्या. स्पिरोने माझा आवाज बघितला होता, उंची बघितली होती, कारण त्याला तेच आवडत होते. हा पट्टा कोणीच बघितला नव्हता.

"नापास," ग्रिंटर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "चारला बंद होतं केंद्र."

ग्लेनिसबाई माझ्यात बसल्या, स्पिरो त्यांच्या शेजारी. मागे वळून त्यांनी डाव्या जागेवर हात ठेवला. "इथे वॅल बसते," एवढेच म्हणाल्या. मग त्यांनी मला बाहेर काढले आणि आम्ही घराकडे न वळता उत्तरेला वळलो. मी तो रस्ता ओळखला. त्याच्या शेवटी भंगाराचे आवार होते.

एवढी धुऊन-पुसून, उंच करून, शेवटी इथेच आणायचे होते? फाटकातून आत जाताना माझे इंजिन दोनदा अडखळले. आवारवाला पुढे आला, माझ्याभोवती फिरला. "क्लेटनची ना? ठेवा तिकडे कोपऱ्यात."

"विकायला नाही आले," ग्लेनिसबाई म्हणाल्या. "घ्यायला आले."

त्याने आम्हाला शेवटच्या रांगेत नेले. तिथे माझीच बहीण उभी होती. माझ्याच घडणीची, रुपेरी रंगाची, नाक चेपलेले. तिच्या मागच्या सीटवर कोणी फारसे बसलेच नसावे, कारण पट्टा नवाकोरा होता. स्पिरोने तो काढला. मी तिच्याकडे बघत होते. ती आता काही बोलणार नव्हती. पण तिचे काहीतरी माझ्या अंगावर येणार होते, आणि त्या विचाराने मला रडू आले म्हटले तर तुम्ही हसाल.

"तिचे स्प्रिंगही काढ, तुमचे उसने परत द्यायचेत," ग्लेनिसबाई म्हणाल्या.

"मिसेस टी! आखूड स्प्रिंग माझ्या गॅरेजमध्ये पडलेत. शनिवारी ते परत बसवायचे आहेत."

"शनिवारी वॅलला बाहेर ओढायला तू येणार आहेस का?"

स्पिरोने निमूट स्प्रिंग काढले.

चारला दहा मिनिटे कमी असताना आम्ही परत पोचलो. ग्रिंटरनी पट्टा तीनदा झटका देऊन ओढला, सही केली आणि पात्याने पिवळी चिठ्ठी काचेवरून सोलून काढली. मला बाहेर सगळे लख्ख दिसू लागले.

खिडकीपाशी बसलेल्या बाईने कागद बघितला. "मालक क्लेटन टॅपस्कॉट. तुम्ही?"

"त्याची आई. एक मिनिट हं." ग्लेनिसबाईंनी तिथूनच फोन लावला. "क्लेटन, पास झाली."

"काय सांगतेस! मग आता विकायला हरकत नाही. कोणी ना कोणी घेईल."

"मी घेते."

"तू? आई, अगं तुला नवी, छोटी, काही त्रास न देणारी एखादी बघू ना. या म्हातारीत काय ठेवलंय?"

ग्लेनिसबाईंनी काचेतून माझ्याकडे पाहिले.

"हिच्यात काय काय वाईट आहे ते सगळं मला पाठ झालंय," त्या म्हणाल्या. "दुसरीचं पुन्हा पहिल्यापासून शिकायला मला वेळ नाही."

मित्रांनो, मला पुसणारे मालक मिळाले, नटवणारे मिळाले, माझ्याभोवती फिरून वाहवा करणारेही मिळाले. माझे दोष एकेक करून मोजले गेले, आणि ते सगळे ऐकून मला मागून घेणारी ही पहिलीच. तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल, एखादे जुने माणूस असेल, तर त्याचे दोषही असेच पाठ करा. आम्हाला दुसरे काही नको असते.