दोन इंच माया

धाकट्याने बनवलेली पहिली लांब सायकल गल्लीत आली तेव्हा टपालराव दारात दाढी करत होते. त्यांनी ती आधी आरशात बघितली, मग वळून बघितली, आणि गालावरचा साबण तसाच ठेवून विचारलं, "शालक महाशय, ही सायकल आहे की खाट? खाट असेल तर पेशंट कुठे आहे?"

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. धाकटा म्हणजे टपालरावांच्या बायकोचा, ताईचा, पाठचा भाऊ. पन्नाशीला टेकला, डोक्यावरचे केस निम्मे गेले, तरी घरात धाकटाच राहिला. पोटासाठी तो खिडक्यांच्या जाळ्या आणि लोखंडी फाटकं करायचा. हौसेसाठी मात्र सुट्टीच्या दिवशी घरामागच्या पत्र्याच्या खोलीत शिरायचा आणि जुन्या सायकली कापून लांब करायचा. दोन सांगाडे घ्यायचे, मधे पाइप घालून एक करायचे. पुढचं चाक धरणारा चिमटा इतका तिरका काढायचा की मालक पोचायच्या आधी चाकाने पोचून दार वाजवावं. सीट जमिनीलगत, हँडल बैलाच्या शिंगांसारखं उभं, मागचं चाक मोटारसायकलला शोभेल असं जाड, आणि अंगभर रंगवलेल्या ज्वाळा. एका सायकलला अडीच चेनी जोडाव्या लागत आणि वळायला अख्खा चौक. टपालरावांनी प्रत्येकीचं बारसं केलं होतं. एक मगर, एक शिडी, आणि सगळ्यात लांब होती ती अर्धी आगगाडी.

टपालरावांना नाव ठेवायचा हक्क होता, कारण त्यांनी स्वतः बत्तीस वर्षं एकाच काळ्या, ताठ सायकलवरून टपाल वाटलं होतं. साधं पत्र असलं की एक घंटी आणि दाराच्या फटीतून आत. रजिस्टर पत्र असलं, म्हणजे ज्याचं त्याने बाहेर येऊन सही करून घ्यायचं असलं, तर दोन घंट्या. दोन घंट्या ऐकल्या की बायका पोळपाट-लाटणं टाकून दाराशी यायच्या.

निवृत्तीच्या दुसऱ्याच वर्षी ते पडले. शेजाऱ्याचं एक पाकीट चुकून यांच्या घरी आलं होतं, ते द्यायला ओल्या जिन्यावरून चढले आणि गडगडत खाली आले. पाकीट कोरडं राहिलं, गुडघा मोडला. शस्त्रक्रिया झाली, व्यायाम झाले. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीला ताई 'गुडघ्याची बाई' म्हणायची. ती प्लास्टिकचा कोनमापक लावून दर आठवड्याला बघायची, आणि दर आठवड्याला आकडा तोच यायचा. गुडघा काटकोनापर्यंत वाकायचा. त्यापुढे नाही म्हणजे नाही.

"चालायला पुरेल, काका," ती म्हणाली. "सायकलला नाही पुरणार. पायडल वर आलं की पाय अडणार."

टपालराव चालत होते. काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत जायचे, परत यायचे, आणि खिडकीत बसायचे. ताईला त्याची भीती नव्हती. भीती वेगळीच होती. धाकट्याची नवी सायकल, हिरव्या ज्वाळांची, समोरून गेली आणि टपालराव काहीच बोलले नाहीत. नाव ठेवलं नाही. नुसतं बघितलं आणि पडदा थोडा ओढून घेतला. ज्या माणसाला टोमणा सुचेनासा होतो त्याचं आतलं काहीतरी गंजायला लागलेलं असतं, हे तिला चौतीस वर्षांच्या संसाराने शिकवलं होतं.

धाकट्याला ती म्हणाली, "तुझ्या त्या खाटेवर पाय पुढे पसरून बसतात ना?"

"हो."

"मग गुडघा किती वाकतो?"

धाकटा मान खाजवत राहिला. मग म्हणाला, "कमी वाकतो. लहान मुलांच्या सायकलीचे दांडे लावले पायडलला, तर अजून कमी. पण दाजी बसणार आहेत का? त्यापेक्षा मलाच त्यावर बांधून नदीत सोडतील."

"ते माझ्याकडे लागलं."

पुढे धाकट्याने एक अट घातली, आणि तिथेच ताईचा जीव टांगणीला लागला. दुसऱ्या कुठल्या सांगाड्यावर दाजी बसणार नाहीत, तो म्हणाला. बसले तर स्वतःच्याच सायकलवर. म्हणजे जिन्याखाली धूळ खात उभी असलेली ती काळी सायकल कापायची, पुढचं अंग तिचं ठेवायचं आणि मागचं नवं.

ताईने नवऱ्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, आणि एकदा नाही म्हटल्यावर त्यांचा शब्द गुडघ्यापेक्षा ताठ. एका दुपारी ते डुलकी काढत होते तेव्हा तिने आणि भावाने सायकल उचलून नेली. बत्तीस वर्षांची सायकल. धाकट्याने चष्मा चढवून कापायचं यंत्र सुरू केलं तेव्हा ताई बाहेर जाऊन उभी राहिली. ठिणग्यांचा आवाज ऐकून तिला वाटलं, आता हे जमलं तर जमलं. नाहीतर माणसाचा पायही गेला आणि सायकलही, आणि दुसरी मी घालवली.

माप घेणं तिच्याकडे होतं. ती तीस वर्षं घरी शिवणकाम करत होती. गणवेश, पडदे, पँटी, झगे, आणि एकदा एका गाढवाला झूलसुद्धा. गल्ली तिला शिवणताईच म्हणायची.

"पाठीपासून टाचेपर्यंत माप दे," धाकटा म्हणाला होता. "सीट मी वेल्ड करतो. मागे-पुढे सरकणारी सीट म्हणजे खुळखुळा. माझ्या सायकलीला सैल काही नसतं."

"अहो, भिंतीला टेकून बसा जरा खाली," ताई टेप घेऊन आली. "तुमच्यासाठी पँट शिवायचीय."

"पँट? बसून माप?"

"नवीन पद्धत आहे."

"उभ्या माणसाच्या पँटी जुन्या झाल्या का?"

हा टोमणा होता. बारीकसा, पण होता. ताईला इतकं बरं वाटलं की टेप हातातच राहिला. मग तिने पाय सरळ करवला, माप घेतलं, वहीत आकडा लिहिला, आणि कागदाचा तेवढा तुकडा फाडून भावाला दिला.

तीन आठवड्यांनी सायकल उभी राहिली. पुढे तेच काळं हँडल, तीच पितळेची घंटी, तीच टपालाची पिशवी अडकवायची कडी. मागे लांबच लांब पाइप, जाड चाक, पाठ टेकायला उंच सीट, आणि ज्वाळा टपालाच्या पेटीच्या लाल रंगात. धाकट्याने वेल्डिंगचे जोड असे घासले होते की बोट फिरवलं तरी लागत नव्हते.

"कच्चे टाके कुठेच दिसत नाहीत रे," ताई म्हणाली. ती जोडावर हात फिरवत खाली वाकली, आणि पाइपच्या खालच्या बाजूला खडूने लिहिलेला आकडा तिला दिसला. बेचाळीस.

"हे काय?"

"तुझं माप."

"माप चाळीस होतं."

धाकट्याने खिशातून चिठ्ठी काढली. तिच्याच अक्षरात बेचाळीस लिहिलेलं होतं. ताई शेजारच्या डब्यावर बसली. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला माया म्हणतात. इकडून एक इंच, तिकडून एक इंच. तीस वर्षांत तिच्या हाताने मायेशिवाय आकडा लिहिलाच नव्हता. टेप चाळीस म्हणाला, डोळ्यांनी चाळीस बघितलं, आणि हाताने बेचाळीस लिहून टाकलं.

"माया धरली मी," ती म्हणाली.

"लोखंडाला?"

"आता बोलू नकोस."

धाकटा बोललाच. "ताई, वेल्डिंग उसवता येत नाही गं."

सगळं पुन्हा कापायचं म्हणजे आणखी तीन आठवडे, आणि पडद्यांच्या गाठोड्यांनी झाकलेली जिन्याखालची रिकामी जागा टपालरावांना त्याआधी दिसणारच. ताईने घरी जाऊन दोन इंच जाडीची उशी शिवली. माणूस दोन इंच पुढे सरकला की हिशेब बरोबर. उशीला तिने लाल कडा लावली. चूक झाकायची तर निदान देखणी झाकावी.

पण जागा दुसऱ्याच दिवशी सकाळी दिसली. "अगं," टपालराव जिन्याजवळून म्हणाले, "माझी सायकल?"

ताईला खोटं सुचेना. तेवढ्यात धाकटा ती लाल सायकल ढकलत दारात आला. चांगली वेळ साधणं त्याला जन्मात जमलं नव्हतं, आजही जमलं नाही.

टपालरावांनी बघितलं. आधी मागचं चाक, मग ज्वाळा, मग हळूहळू पुढे येत हँडलवर नजर थांबली. घंटीवर एक जुना पोचा होता, एका कुत्र्याच्या कृपेचा. त्यांनी त्या पोच्यावर बोट ठेवलं.

"कापलीस," ते म्हणाले.

"मी सांगितलं त्याला," ताई म्हणाली. "रागवायचं तर माझ्यावर."

समोरच्या घरातली बाई कपडे वाळत घालायची थांबून, एकच सदरा तिसऱ्यांदा झटकत होती.

धाकट्याच्याने राहवेना. "दाजी, अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आम्ही पाय पाहून अंथरूण केलंय. बसून तर बघा."

टपालरावांनी काठी भिंतीला लावली. ताईने घाईघाईने उशी पाठीशी ठेवली. ते बसले. दोघांनी दोन बाजूंनी सायकल धरली. पाय पायडलवर टेकले, एक खाली गेला, दुसरा वर येऊ लागला, आला, आला, आणि अडला. गुडघा काटकोनात येऊन उभा. टपालरावांनी ओठ दाबून एकदा जोर केला. पायडल हललं नाही. कपाळावर घाम आला आणि चेहऱ्यावर पडदा ओढल्यासारखं काहीतरी आलं.

ताईने भावाकडे बघितलं. भाऊ स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

"हे मागे काय टोचतंय?" टपालराव म्हणाले.

"उशी आहे."

"कशाला? मी काय बाळंतीण आहे?" त्यांनी पाठीमागे हात घालून उशी ओढून काढली आणि बायकोच्या अंगावर टाकली. मग मागे सरकून नीट टेकले, आणि बत्तीस वर्षांच्या सवयीने टाचेऐवजी चवड्याने पायडल दाबलं.

पाय वर आला. गुडघा काटकोनाच्या जरा अलीकडेच राहिला आणि पायडल वरून पुढे निघून गेलं. मग दुसरा. मग पुन्हा पहिला.

धाकट्याने सायकलखाली डोकं घालून बघितलं. "ताई," तो हळूच म्हणाला, "टाचेचं माप मागितलं मी. सायकल काय टाचेने चालवतात? चाळीसवर बांधली असती ना, तर कायमची अडली असती."

"सोडा," टपालराव म्हणाले.

"दाजी, वळताना जरा..."

"सोडा म्हणतो ना."

त्यांनी सोडलं. सायकल आधी डुलली, समोरच्या बाईने सदरा छातीशी धरला, मग ती सरळ झाली आणि गल्लीतून निघाली. उशी पोटाशी धरून ताई बघत राहिली. कोपऱ्यावर टपालराव वळले. वळायला अख्खा चौक लागला, आणि एका भाजीवाल्याला हातगाडी मागे घ्यावी लागली. मग ते दिसेनासे झाले.

आभार कुणाचे मानायचे, ते ताईला त्या दहा मिनिटांत ठरवता येईना. भावाचे तर होतेच. गुडघ्याच्या बाईचे होते, जिने खोटी आशा दाखवली नव्हती. त्या कुत्र्याचेही होते, ज्याच्या पोच्यामुळे कापलेली सायकलही टपालरावांचीच राहिली. आणि स्वतःच्या वेंधळ्या हाताचे मानायचे की नाही, याचा ती विचार करत होती तेवढ्यात दाराशी घंटी वाजली. दोनदा.

ती बाहेर आली. टपालराव सीटवर रेलून बसले होते. घामाघूम, केस उडालेले.

"रजिस्टर आहे," ते म्हणाले. "सही लागेल."

"कुणाच्या नावाने आहे?"

"तुझ्या. आणि त्या शालक महाशयांच्या."

धाकट्याने विचारलं, "मजकूर काय, दाजी?"

"पाकीट बंद आहे. पोस्टमनने फोडून वाचायचं नसतं." त्यांनी नजर दुसरीकडे वळवली आणि घंटीचा पोचा अंगठ्याने पुसायला लागले.

ताईच्या कानामागे खडू होता. तिने सीटच्या पाठीवर सही केली. धाकट्याला सहीपेक्षा डोळे पुसायची घाई होती. त्याने वेल्डिंगचा धूर असं कारण सांगितलं, आणि सकाळपासून वेल्डिंग बंद होतं हे कुणी काढलं नाही.

आता ताईचे शिवलेले कपडे टपालराव घरोघरी पोचवतात. दुरुस्तीला आलेला जुना कपडा असला तर एक घंटी, नवा असला तर दोन. सायकलचं नावही त्यांनीच ठेवलं, टपालगाडी, आणि धाकट्याने आणखी एक अशी बांधून विकायचं म्हटलं तेव्हा त्याला दम दिला की हिचं माप दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही.

एवढं सगळं झाल्यावर एका सकाळी ते ताईच्या मशीनजवळ येऊन उभे राहिले.

"त्या पँटचं काय झालं?"

"कुठल्या?"

"बसून माप घेतलेल्या. नवीन पद्धतीच्या."

ताईने मशीनवरून मान वर केली नाही. "शिवते. गुडघ्याशी जरा सैल ठेवू का?"

"ते तू बघ," टपालराव म्हणाले. "माप तुझ्याकडे आहे. माया तुझ्या हाताने आपोआप धरली जातेच म्हणे."