हलवण्यासारखं काही नाही

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे आणि उद्या सकाळी मला आरपार भोक पाडणार आहेत. हळहळू नका, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण तेरा वर्षं मी दुसऱ्यांचे आवाज सांभाळले, स्वतः चकार शब्द काढला नाही. आता जाता जाता थोडं बोलून घेते.

माझा जन्म झाला त्या कारखान्यात माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली असत. माझ्या पोटात आरशासारख्या चार चकत्या बसवल्या आणि झाकण कायमचं बंद केलं, कारण धुळीचा एक कण आत शिरला तरी आयुष्य मातीमोल. मग खोक्यातून धक्के खात मी इथे आले, घशाच्या आजारांच्या रुग्णालयात, तिसऱ्या मजल्यावर. या खोलीला सगळे आवाजाची खोली म्हणतात. भिंतींना जाड स्पंज लावलेला, मध्ये एक माईक, शेजारी झाकण ठेवलेला पाण्याचा पेला, आणि कोपऱ्यात आमचं यंत्र, म्हणजे आम्ही डिस्क ज्यात बसतो तो कॉम्प्युटर. ज्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागणार असतं, ती माणसं शस्त्रक्रियेच्या आधी इथे येऊन बोलून ठेवतात. पुढे एक छोटं बोलणारं यंत्र त्यांच्या हातात देतात. त्यावर लिहिलं की ते त्यांच्याच आवाजात बोलतं. तो आवाज कुठून येतो? आमच्या पोटातून!

मला इथे बसवलं ताईने. ताई म्हणजे इथले सगळे कॉम्प्युटर सांभाळणारी बाई. मोठ्या डॉक्टरांपासून सफाईवाल्या मावशींपर्यंत सगळे तिला ताईच म्हणतात. तिचं काम काळ्या पडद्यावर चालतं. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. ती हुकूम लिहिते आणि यंत्र ऐकतं. मी एकटी पुरेना, तेव्हा तिने आणखी दोन डिस्क आणल्या आणि आम्हा तिघींचा एक गट बांधला. गट म्हणजे एकत्र कुटुंब समजा. बाहेरून कोठी एकच दिसते, कुठलं सामान कुणाच्या खोलीत आहे हे कुणाला विचारावं लागत नाही. पण त्यात एक गोम आहे. तिघींतली एक जरी न सांगता गेली, तरी कोठीला कुलूप लागतं.

यंत्र आम्हाला अक्षरांनी हाक मारतं. मी होते 'बी'. ताईने कागदाच्या पट्टीवर बी लिहून माझ्या कपाळावर चिकटवलं. सुरुवातीची वर्षं माझं फार कौतुक होई. "ही कधी दगा द्यायची नाही," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. मग माझं वय झालं. मी कुरकुर करू लागले, थोडी तापू लागले. पंख्यावरची धूळ पुसायलाही कुणाला वेळ होईना. इतकंच काय, आवाजांची दुसरी प्रत ठेवायचं यंत्र बिघडून दोन महिने दुरुस्तीला पडलं होतं, त्याचीही कुणी विचारपूस केली नाही. चाललंय ना, मग चालू दे!

त्याच दोन महिन्यांत कंडक्टरकाका आले. सारी हयात त्यांनी बसमध्ये तिकिटं फाडली. आवाज असा खणखणीत की स्पंजच्या भिंतीही दचकाव्यात. बरोबर काकू असत, त्यांची बायको. नऊ दिवस काका माईकसमोर बसले आणि अकराशे चाळीस वाक्यं बोलले. शेवटच्या दिवशी आवाज पार बसला होता, तरी म्हणाले, "घ्या अजून दहा, नंतर कुठे बोलायचंय!" काकू हसल्या आणि बाहेर जाऊन रडल्या. ते सगळं बोलणं माझ्या वाट्याला आलं. पुढे शस्त्रक्रिया झाली. काकांचा जीव वाचला, पण गळ्यातून शब्द फुटेना. ते पाटीवर लिहून बोलू लागले. त्यांचं यंत्र शुक्रवारी मिळायचं होतं.

त्याच आठवड्यात ताईने मला निवृत्त करायचं ठरवलं. निर्णय चांगलाच होता, माझे दिवस भरलेच होते. बुधवारी तिने नवी डिस्क यंत्रात बसवली आणि गटात घेतली. आता माझ्या पोटातलं सगळं तिच्यात हलवायचं. त्या हुकमाला पीव्हीमूव्ह म्हणतात. पण नवी पाहुणी येताच यंत्राने अक्षरं नव्याने वाटली होती. नवी झाली 'बी' आणि मी झाले 'सी'. आमची खरी ओळख म्हणजे प्रत्येकीला मिळालेला लांबलचक क्रमांक, तो कधी बदलत नाही. ताईला हे माहीत नव्हतं असं नाही. पण सवय वाईट! तिने माझ्या कपाळावरची पट्टी पाहिली आणि लिहिलं, बी रिकामी कर. यंत्राने सरळ उत्तर दिलं, हलवण्यासारखं काही नाही. कोऱ्या डिस्कमध्ये असणार तरी काय?

"अरेच्चा," ताई स्वतःशीच म्हणाली, "मागच्याच वर्षी हलवलं वाटतं मी."

तिने बी गटातून वगळली. यंत्राने मुकाट्याने ऐकलं, कारण रिकाम्या डिस्कला वगळायला त्याची हरकत नसते. मग तिने यंत्र बंद केलं आणि कपाळावर बी लिहिलेली मी, भरल्या पोटाची मी, बाहेर काढली. अगं बाई, निदान क्रमांक तरी बघ! पण माझ्या तोंडात शब्द कुठले?

रुग्णांचे आवाज म्हणजे खाजगी गोष्ट, म्हणून जुनी डिस्क नुसती फेकून देत नाहीत. गुरुवारी सकाळी मला तळघरात फिटरमामांकडे पाठवलं. ते अशा डिस्कना भोक पाडतात. त्यांनी मला शिकंज्यात आवळलं आणि ड्रिलमध्ये जाड बिट बसवलं. तेवढ्यात कुठेतरी नळ फुटल्याची हाक आली आणि ते पाना घेऊन गेले.

वर काय झालं ते मला नंतर कळलं. बुधवारी बंद केलेलं यंत्र ताईने त्या सकाळी चालू केलं, तर गट उघडेना. एक सदस्य सापडत नाही, आवाज मिळणार नाहीत. तिच्या तोंडचं पाणीच पळालं. तिने एका ओळखीच्या माणसाला फोन लावला. तो उंटावरचा शहाणा म्हणाला, "त्यात काय एवढं? हरवलेली डिस्क जबरदस्तीने काढून टाक, गट सुरू होईल." गट सुरू झाला असता हो! पण माझ्यावर टेकलेला सगळा आवाज त्याच क्षणी पुसला गेला असता. ताईने तो हुकूम लिहिला. शेवटची कळ दाबायच्या आधी, कोण जाणे का, तिने एकदा सगळ्यांची यादी मागवली. नवी कोरी डिस्क गटाच्या बाहेर उभी होती.

"ही बाहेर, मग मी काढलं कुणाला?" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की मावशींच्या हातून बादली सुटली.

तीन मजले आणि तळघर ती जिन्याने धावत उतरली. फिटरमामा परत आले होते, ड्रिल सुरू होतं.

"मामा, थांबा! हात लावू नका!"

"अहो ताई, एका मिनिटाचं काम आहे, पाडून देतो की."

"त्यात कंडक्टरकाका आहेत!"

मामांनी ड्रिल बंद केलं. शिकंजा सैल केला आणि तिथला माझ्या अंगाला लागलेला पत्र्याचा कीस आपल्या बाहीने पुसला.

मला पुन्हा जागेवर बसवलं आणि गट उघडला. या वेळी ताईने क्रमांकाचं एकेक अक्षर मोठ्याने वाचलं, मावशींना पडद्यावर बोट ठेवायला लावलं, आणि मगच हुकूम दिला. सकाळी अकराला सुरू झालेलं काम संध्याकाळी सहाला संपलं. एकसष्ट टक्क्यांवर मी अडखळले. एक जागा वाचता येईना. मी खरंच म्हातारी झाले होते, मित्रांनो. मी पुन्हा पुन्हा त्याच जागेवर गेले. ताई खुर्चीच्या टोकावर बसून म्हणत होती, "बाई गं, एवढं दे, मग काही मागणार नाही." शेवटी ती जागा वाचता आली. मी सगळं दिलं. मग मला रीतसर वगळलं आणि टेबलावर ठेवलं.

आज शुक्रवार. मी टेबलावरच होते. काका आले, काकू शेजारी बसल्या. ताईने बोलणारं यंत्र काकांच्या हातात दिलं. काकांनी बराच विचार केला आणि एकच ओळ लिहिली. खणखणीत आवाज खोलीभर झाला, "अगं, ऐकलंस का?"

"आले, आले!" म्हणत काकू झटकन उठून उभ्या राहिल्या. दोन पावलं चालल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की हाक शेजारूनच आली आहे. त्या तशाच उभ्या राहिल्या आणि तोंडावर पदर धरला. काकांनी त्यांचा हात ओढून त्यांना खाली बसवलं.

मित्रांनो, मला भोक पाडायलाच हवं, दिलेल्या आवाजांचे ठसे माझ्या चकत्यांवर अजून आहेत, ते आता कुणाच्या कामाचे नाहीत आणि परक्याच्या हाती पडू नयेत. जुन्याला निरोप जरूर द्या. पण मग ते यंत्र असो की माणूस, जाऊ देण्याआधी त्याचं नाव नीट वाचा, आणि जवळ बसून विचारा, "आमचं काही तुझ्यापाशी राहिलंय का?"