जाताना किती?

तुम्हाला फक्त येणारं मोजता येतं. घरात किती आलं, किती वेगाने आलं, शेजाऱ्याकडे आपल्यापेक्षा जास्त तर येत नाही ना, एवढीच तुमची चौकशी. घरातून बाहेर काय जातं, कुणासाठी जातं आणि ते धड पोचतं का, हे विचारायचं तुमच्यापैकी एकाच्याही मनात येत नाही. रागावू नका. रागावलात तरी मी बोलणारच. माझी वायर काढून झाली आहे, आता मला कुणाची भीती?

मी राउटर. तोच तो, काळा, चपटा, दोन शिंगांचा, ज्याच्याकडे तुम्ही फक्त इंटरनेट बंद पडल्यावर बघता. सगळं सुरळीत असताना मला कुणी शाबासकी देत नाही. चित्र अडकलं की मात्र घरातला प्रत्येक जण येऊन माझ्या दिव्यांकडे असा बघतो, जसं काही मी जीभ बाहेर काढली आहे आणि तो डॉक्टर आहे. कळत काहीच नाही, पण बघायचं. मग ठरलेला उपचार: बंद करा, दहा आकडे मोजा, चालू करा.

माझा जन्म पत्र्याच्या एका लांबलचक कारखान्यात झाला. माझ्यासारखे दिवसाला चार हजार निघत. शेवटच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्या पोटावर नंबराची चिठ्ठी लावली, ती जरा तिरकी बसली. त्यांनी ती सोलून पुन्हा सरळ लावली. चार हजारांतल्या एकासाठी कुणी इतकं केलं, हे मी अजून विसरलेलो नाही. तिथून मी एका मोठ्या कंपनीच्या गोदामात गेलो आणि तिथून या घरात आलो.

या घरात चार माणसं. दादा, वहिनी, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी आणि दादांची धाकटी बहीण. मुलगी तिला आत्या म्हणते, म्हणून मीही आत्याच म्हणतो. आत्याला जन्मापासून ऐकू येत नाही. त्यामुळे हे घर दोन भाषांत बोलतं, तोंडाने आणि हातांनी. घराचा एक जुना नियम आहे: महत्त्वाचं काही ठरवायचं असेल तर हातातलं खाली ठेवायचं. हात रिकामे असल्याशिवाय चर्चा नाही. मिक्सर घेताना, गादी घेताना, मुलीचं कॉलेज निवडताना सगळे रिकाम्या हातांनी टेबलाभोवती बसले होते म्हणे.

माझी निवड करताना मात्र हा नियम मोडला.

ती गोष्ट मी या घरात तीन वेळा ऐकली, तिघांच्या तोंडून तीन तऱ्हांनी. पण गाभा एकच. दादांना तक्त्यांचं वेड. टूथब्रश घ्यायचा तरी ते आडवे-उभे रकाने आखतात. ब्रॉडबँडसाठी त्यांनी सहा कंपन्या आणि तेरा रकाने मांडले. त्या दिवशी त्यांचा एक हात माउसवर होता आणि दुसरा वहीवर. वहिनींच्या दोन्ही हातांत कंपन्यांची पत्रकं होती. मुलगी फोन कानाला लावून एका कंपनीचं वाट बघायचं संगीत ऐकत होती. तिघंही तावातावाने तोंडाने बोलत होते. टेबलाच्या टोकाला आत्या मटार सोलत बसली होती. तिने दोनदा खूण करून विचारलं, ‘काय चाललंय?’ दादांनी माउसवरचा हात क्षणभर उचलून खूण केली, ‘थांब.’

तासाभराने दादांनी दोन्ही हात हवेत उडवून जाहीर केलं, ‘ठरलं! दोनशेचा वेग!’ आत्याला आनंद झाला. तिनेही दोन्ही हात वर करून हलवले, म्हणजे तिच्या भाषेत टाळ्या वाजवल्या. तेरा रकान्यांत वेग होता, कराराची मुदत होती, बिघाड झाल्यावर माणूस किती दिवसांत येतो हे होतं, वाट बघायचं संगीत कितपत सहन होतं हेसुद्धा होतं. घरातून बाहेर जाण्याचा वेग किती, हा रकाना नव्हता. आणि त्या घरात तो लागणारी एकच व्यक्ती होती, जी मटार सोलत होती.

मला बसवायला माणूस आला, तेव्हा वहिनी म्हणाल्या, “हे दिसायला काही बरं नाही हो. कपाटात नाही का ठेवता येणार?”

“कपाटात ठेवलं तर चालतं ताई, फक्त इंटरनेट कपाटातच राहतं,” तो म्हणाला.

मग मला पुस्तकांच्या फळीवर जागा मिळाली. समोर आत्याचं टेबल, त्यावर लॅपटॉप, मागे निळा पडदा. मी खूश झालो. असं कामाचं टेबल समोर असलेले राउटर नशीबवान. बाकीच्यांच्या समोर नुसता सोफा असतो.

आत्याने वीस वर्षं औषधाच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं तपासली होती. तिथे तिच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. ‘हो’, ‘नाही’ आणि ‘घरी जा’ एवढ्या तीन खुणा मुकादमाला येत. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी तिला एका संस्थेत काम मिळालं होतं. लांबच्या वस्त्यांतली ऐकू न येणारी अकरा मुलं, ज्यांच्या घरात खुणांची भाषा कुणालाच येत नाही, त्यांना रोज सकाळी दहा वाजता व्हिडिओवरून ती भाषा शिकवायची. आयुष्यात पहिल्यांदा तिची भाषा हेच तिचं काम होतं. पण आधी एक महिना परीक्षेचा. जमलं तर कायम, नाही तर धन्यवाद.

पहिल्या दिवशी ती निळ्या पडद्यासमोर बसली. अकरा चौकटींत अकरा चेहरे आले, स्वच्छ. डोळे, बोटं, कुणाच्या कानामागचा खडूचा डाग, सगळं मी तिला लखलखीत आणून दिलं. तिने कावळ्याची गोष्ट सुरू केली. काय हात होते तिचे! कावळा झाडावर बसला की फांदी वाकलेली दिसायची.

मला दिसायची. मुलांना नाही.

कारण माझा येण्याचा रस्ता दोनशेचा आणि जाण्याचा अवघ्या दोनचा. त्या दोनमधूनच घरातले तीन मोबाईल दिवसभर आपापले फोटो वर क्लाउडमध्ये ठेवायला पाठवत होते. दादांच्या फोनमधले नुसते बिलांचे फोटोच शेकड्यांनी. त्या गर्दीतून आत्याचे हात कसेबसे निघायचे आणि मुलांपर्यंत पोचेतो त्यांचे चौकोनी तुकडे झालेले असायचे. कावळा उडायच्या आधीच गोठायचा. बोलणाऱ्या माणसाचं चित्र गोठलं तरी आवाज पोचतो. आत्याचं चित्र गोठलं की तिचा आवाजच बंद.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे तिला कळत नव्हतं! तिला तर मुलं स्वच्छ दिसत होती. आणि मुलं फक्त एकच खूण सारखी करत होती: ‘पुन्हा.’ अकरा मुलं, ‘पुन्हा, पुन्हा, पुन्हा.’ आत्याने हळू करून बघितलं. मोठ्या खुणा करून बघितल्या. कावळा सोडून मांजर घेतलं. ‘पुन्हा.’

दुसरा आठवडा संपताना तिने दादांना सांगितलं, ‘मुलांना माझं समजत नाही. मीच कमी पडते.’

दादा लगेच लॅपटॉपवर वेगाची चाचणी घेऊन बसले. काटा झर्रकन फिरला आणि भला मोठा आकडा आला: एकशे अठ्ठ्याण्णव. दादांची छाती फुगली. “बघ! इंटरनेट एक नंबर आहे.” त्या आकड्याखाली, मुंगीच्या अक्षरात, दुसरा आकडा होता: दोन. अहो, खाली बघा! मी जिवाच्या आकांताने सगळे दिवे लुकलुकवले.

वहिनी कौतुकाने म्हणाल्या, “काम किती करतो बिचारा.”

मग सुरू झाले उपाय. वहिनींनी निळा पडदा काढून पांढरा लावला. दादांनी दिवा आणला, नऊ रकान्यांचा तक्ता करून. मुलीने नवा कॅमेरा मागवला. आत्या आणखी स्वच्छ, आणखी उजळ दिसू लागली आणि तितकेच तिचे आणखी छान तुकडे होऊ लागले. संस्थेच्या बाईंचा निरोप आला: ‘मुलं वर्गातून उठून जात आहेत. शनिवारी मी स्वतः वर्गात बसते, मग काय ते ठरवू.’ आत्याने तो वाचला आणि दुपारभर कारखान्यातला जुना डबा घासत बसली. मला कळलं, ती परत जायची तयारी करतेय.

मंगळवारी एक साधीच गोष्ट घडली. वरच्या मजल्यावरच्या काकांचा चष्मा पायऱ्यांवर पडला होता, तो द्यायला मुलगी वर गेली. काका गप्पिष्ट. वर्गाची चौकशी केल्याशिवाय सोडतील कसले? तिने तिथेच आपल्या फोनवर वर्ग उघडून दाखवला. दुसऱ्याच मिनिटाला ती दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आली, दारातूनच हात करत, आणि घाईत तोंडानेही ओरडत:

“आत्या! थांब! तू दिसतच नाहीयेस गं! नुसते चौकोन दिसतायत!”

आत्याने तिचा फोन हातात घेतला आणि त्यात स्वतःला पाहिलं. पांढऱ्या पडद्यासमोर एक बाई, मनगटापासून पुढे धुकं. तिने हात हलवला. फोनमधला हात हललाच नाही.

तिला रडू येईल असं मला वाटलं होतं. ती चिडली! असली चिडली की बस. कामावरून आलेल्या दादांना तिने बूटही काढू दिले नाहीत. ‘सगळे बसा. हात रिकामे.’

तिघं बसले. दादांनी किल्ल्यासुद्धा खाली ठेवल्या.

‘तुम्ही माझ्या पाठीमागे निवड केलीत,’ ती म्हणाली. ‘माझ्यासमोर बसून.’

दादा पुटपुटले, “पण वर्षभराचा करार आहे. अजून महिनाही नाही झाला…”

“करार कंपनीशी केलात ना? मग तो कंपनीला ऐकवा. वन्संना कशाला ऐकवताय?” वहिनी तोंडाने म्हणाल्या आणि लगेच तेच हातांनीही म्हणाल्या.

बुधवारी आत्याने आपला तक्ता केला. एकच रकाना, एकच प्रश्न. फोन मुलगी करत होती आणि आत्या समोर बसून खुणांनी सांगत होती.

“जाताना वेग किती?”

“मॅडम, आमचा वेग तीनशे!”

“तो येताना. जाताना किती?”

“जाताना म्हणजे… मॅडम, तुम्ही घर बदलताय का?”

दुसरा म्हणाला, असं आजवर कुणी विचारलं नाही. तिसऱ्याने सहा महिने सिनेमे फुकट देऊ केले. चौथी एक लहान कंपनी होती, शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत चालणारी. तिथल्या बाई म्हणाल्या, “साठ येताना, साठ जाताना. आमच्याकडे दोन्ही रस्ते सारखे.” दादांच्या तक्त्यात ही कंपनी पहिल्याच फेरीत बाद झाली होती. आकडा लहान होता ना!

आत्याने नुसत्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. वरच्या काकांकडे हीच कंपनी होती. ती लॅपटॉप घेऊन वर गेली, आणि बाकीचे खाली माझ्यासमोर दुसरा लॅपटॉप उघडून बसले. आणि मग आत्या आली. माझ्यातूनच आली! येण्याचा रस्ता माझा उत्तम होताच. तिचे हात, त्यांच्यावरच्या शिरा, अंगठ्याचं वाकलेलं नख, सगळं अख्खं. कावळा झाडावर बसला, फांदी वाकली, कावळा उडाला. दादांनी आपली तेरा रकान्यांची वही मिटली.

त्या क्षणी मला कळलं की माझे दिवस भरले. मी कंपनीचा. कंपनी गेली की मी गेलो. खरं सांगू? मला वाईट कमी वाटलं आणि सुटल्यासारखं जास्त. रोज एका बाईचे हात मोडून पाठवायचे आणि वर ‘काम किती करतो बिचारा’ ऐकायचं, हे काही जगणं नव्हे.

शुक्रवारी नवी जोडणी झाली. माझ्या जागी एक पांढरा, शिंगं नसलेला गडी बसला आणि मी दारामागच्या चपलांच्या कपाटावर आलो. शनिवारी संस्थेच्या बाई वर्गात बसल्या. अर्धा तास त्यांनी एकही खूण केली नाही. मग दोन्ही हात वर करून हलवले. सोमवारपासून आत्या कायम.

आता जाता जाता एकच मागणं. पुढच्या वेळी कंपनी निवडायला बसाल तेव्हा मोठा आकडा बघून भुलू नका. आधी घरात कोण काय करतं ते विचारा. कुणाला जगाकडून हवंय आणि कुणाला जगाला काही द्यायचंय, ते विचारा. आणि टेबलाच्या टोकाला बसलेल्या माणसाला ‘थांब’ म्हणू नका. मी नीट वागलो, असा माझा दावा नाही. पण मला ज्या कामाला जुंपलं, त्याचा नेमका प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

आज मला परत न्यायला जुन्या कंपनीचा माणूस आलाय. सकाळचे सव्वादहा वाजलेत. मुलीने दार उघडलं आणि सवयीने दबक्या आवाजात सांगितलं, “जरा हळू हं, आत वर्ग चालू आहे.” त्याने कान टवकारले. घरात चिडीचूप. त्याने मला पिशवीत टाकलं, सहीसाठी कागद पुढे केला आणि सहज आत नजर टाकली. लॅपटॉपच्या पडद्यावर अकराच्या अकरा मुलं एकाच वेळी हात उडवत होती, एकमेकांचं बोलणं तोडत होती, कुणीतरी पोट धरून हसत होतं, आणि आत्या सगळ्यांना गप्प करायचा निष्फळ प्रयत्न करत होती.

तो मुलीकडे वळून म्हणाला, “काय गलका करतात हो ही पोरं!”