मिरचीकडे अर्थखातं

मी तेलंगणातल्या निर्मल गावची लाकडी मिरची बोलतेय. लाल अंग, हिरवा देठ, देठावर दोन बारीक दातांचे ठसे. ते कोणाचे ते सांगतेच, पण आधी सुनयनाची काळजी सांगू द्या. तीन दिवस झाले, तिच्या डोळ्याला डोळा नाही.

तिची मुलगी मैत्री पाचवीत आहे. घरात तिची टकळी थांबत नाही आणि वर्गात तोंड उघडत नाही. इथल्या बोथ गावच्या शाळेत सगळं तेलुगू नाहीतर इंग्रजी. मॅडमनी वहीत लिहून पाठवलं, ‘मुलगी बोलत नाही.’ त्यातच प्रत्येकानं चिठ्ठी काढून एकेका देशाचं मंत्रिमंडळ मांडायचं आणि वर्गापुढे बोलायचं ठरलं. मैत्रीला आफ्रिकेतला रवांडा निघाला. पोरगी सगळ्यांपुढे गप्प राहिली तर? घरी मराठीच बोलून आपणच तिचं नुकसान केलं का? सुनयना मंडल कार्यालयात, म्हणजे इथल्या तहसिलात, क्लार्क आहे. दिवसभर लोकांची कामं मार्गी लावते, हे एक काही तिच्यानं मार्गी लागत नव्हतं.

आता माझं. निर्मलच्या एका कारागिरानं हलक्या लाकडातून मला कोरलं, चिंचोक्याच्या लगद्यानं भेगा बुजवल्या, रंग दिला. परडीत आम्ही आठजण होतो: वांगं, आंबा, पेरू, सीताफळ, केळं, मुळा, टमाटं आणि मी. सुनयनाला तेव्हा सातवा महिना. दुकानात उभी राहून तिनं नखानं मला खरवडून पाहिलं. रंग निघाला नाही, म्हणून आमची निवड झाली.

मैत्रीला दात येत होते तेव्हा तिनं सातजणांना सोडून मलाच धरलं. ठसे तिचेच. सुनयनानं ते पाहिलं मात्र, पोटात रंग गेला म्हणून ती दवाखान्यात धावली. काही झालं नव्हतं. तरी त्या दिवसापासून आम्ही काचेच्या कपाटात. आठवड्याला एकदा फडकं फिरायचं, बस. माणसं ज्या वस्तूला जपतात तिला हातच लावत नाहीत, हे मी तिथं शिकले.

या मंगळवारी कपाट उघडलं. आठ काड्यापेट्यांच्या आठ खुर्च्या झाल्या आणि आम्ही मंत्री झालो. खाती ढीगभर, आम्ही आठच. सुनयनानं आपल्या ऑफिसातल्यासारखा मार्ग काढला: ज्याला त्याला जास्तीचा चार्ज. सीताफळाला आरोग्य आणि वर खेळ. मला अर्थखातं.

“मिरचीपाशी तिजोरी?” तिचा नवरा अनुप म्हणाला. “मंग पैसा मागणाऱ्याच्या डोळ्यात पानीच येते.”

“तुमी गप बसा जी.”

“अन् महसूल कोनाकडं हाय, सूनबाई?” सासूबाई द्वारकाबाईंनी विचारलं. “त्याच्याबिगर राज्य चालते काय?”

सुनयनानं मुकाट्यानं मुळ्याला महसूलचा चार्ज दिला. मग मैत्रीसाठी लिहिलेलं भाषण वाचून दाखवलं. तिथल्या मंत्र्यांमध्ये निम्म्याच्या आसपास बाया आहेत, हे द्वारकाबाईंना फार आवडलं. पुढचं वाक्य होतं, तिथल्या राज्यघटनेप्रमाणे सगळ्यात मोठ्या पक्षालाही निम्म्याहून जास्त मंत्री आपले ठेवता येत नाहीत. तिनं ते भरभर वाचलं आणि पुढं गेली. मैत्री मात्र आम्हा आठजणांकडे बघत राहिली.

“काय झालं वं? बोल ना.”

“काही नाही.”

आज गुरुवार. अर्ध्या दिवसाची रजा टाकून सुनयना वर्गाच्या खिडकीबाहेर उभी. टेबलावर आमचं मंत्रिमंडळ. मैत्री पुढं आली आणि गप्प. खिडकीत सुनयनाचे ओठ हलत होते, पहिलं वाक्य पुन्हापुन्हा. मैत्रीनं तिकडं पाहिलंच नाही. तिनं हात पुढं केला, मला उचललं आणि फ्रॉकच्या खिशात टाकलं. माझ्यामागून मुळा, केळं, टमाटं.

“मिरपकाय मंत्री राजीनामा!” मागच्या बाकावरून पंकज ओरडला. मिरचीनं राजीनामा दिला म्हणे. वर्ग खदखदून हसला. बाहेर सुनयनानं खिडकीचे गज घट्ट धरले.

“काय हे, मैत्री?” मॅडमनी तेलुगूत विचारलं. “अर्ध्या खुर्च्या रिकाम्या?”

मी आता खिशात आहे. अर्थखातं गेलं, दुःख नाही. कपाटापेक्षा हा खिसा बरा. इथं पोरीची बोटं माझ्या देठावर घट्ट आहेत. तुमच्याकडे माझी कोणी भावंडं काचेआड असतील, तर तेवढी बाहेर काढा. रंग गेला तर जाऊ द्या.

हसणं थांबलं. मैत्रीनं एक श्वास घेतला आणि तेलुगूत, मधेमधे आपलं मराठी मिसळून, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाली,

“हे सगळे आमच्याच घरचे होते, रवांडात तसं चालत नाही. या चार खुर्च्यांवर दुसऱ्यांचे पाहिजेत. पंकज, तुझ्यापाशी काय हाय? दे.”