धवळ्यातलं नाव

माझा नवरा काय करतो, हे सांगताना माझी दरवेळी पंचाईत होते. लग्न झालं तेव्हा जीवन बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवायचा. हळद, साखरपुडा, नगरसेवकाचा वाढदिवस, बोलावतील तिथे. मग राहनाळला एका गोडाऊनच्या माळ्यावर भिंतींना फोम चिकटवून त्याने स्टुडिओ काढला आणि दुसऱ्यांची हळदीची गाणी बनवून यूट्यूबवर सोडायला लागला. खाली ट्रक मागे घेताना वाजला की वर रेकॉर्डिंग थांबायचं. आता तो मालिकांना संगीत देतो. म्हणजे टीव्हीतली सासू वळून बघते तेव्हा जे ढँण वाजतं, ते आमच्या घरचं. माणूस गुणी आहे, हे मी बायको असूनही सांगते.

इतकी वर्षं ढँण वाजवल्यावर त्याला एका मालिकेत पहिल्यांदा अख्खं गाणं मिळालं. मालिकेत आगरी लग्न होतं आणि त्यांना अस्सल धवळा, म्हणजे लग्न लावतानाचं गाणं, हवा होता. अस्सल धवळा आमच्या खारबावच्या घरात तांदूळ निवडत बसला होता. माझ्या सासूबाई, बायजाबाई, धवलारीण आहेत. आमच्यात धवलारीण गाऊन लग्न लावते. आता भटजीही असतो, पण धवळ्यात नवरा-नवरीचं नाव येत नाही तोवर म्हाताऱ्या बायका लग्न लागलं असं मानत नाहीत.

आईंनी आधी मांडव कुठे आहे ते विचारलं. मांडवाशिवाय धवळा गात नाहीत. जीवनने मुकाट्याने स्टुडिओत चार बांबू उभे करून आंब्याचे डहाळे बांधले. मग त्यांनी नवरा-नवरीची नावं विचारून घेतली, भाविक आणि मेघाली, आणि डोळे मिटून असा धवळा गायल्या की मीही डोक्यावर पदर घेतला. शेवटी त्यांनी माईकवर अक्षता टाकल्या. जीवन कितीतरी दिवस मशीनमधून तांदूळ वेचत होता.

गाणं गाजलं. नातेवाइकांचे फोन आले. आई रोज मालिका बघायच्या आणि मेघाली नीट जेवते की नाही, याची चौकशी माझ्याकडे करायच्या.

मग मालिकेचे प्रेक्षक घटले. भाविकने मेघालीला सोडलं आणि निशाशी लग्न ठरवलं. जीवनला निरोप आला की गाणं तेच ठेवा, फक्त नाव बदला; जमत नसेल तर दुसरा माणूस बघतो. तो आईंसमोर बसला.

"आये, एकच नाव म्हनायचं हाय."

"मेघाली जिती हाय ना?"

"हाय."

"मंग मी न्हाय गायाची."

हे सगळं खोटं असतं, त्या पोरीचं खरं नावही मेघाली नाही, असं त्याने परोपरीने समजावलं.

"लगीन खोटं आसंल," त्या म्हणाल्या. "गायली ती मी व्हते ना?"

जीवनने हात टेकले, पण काम सोडलं नाही. हल्ली असं सॉफ्टवेअर मिळतं की एखाद्याचा आवाज त्यात भरायचा, शब्द टाईप करायचा, आणि तो आवाज तो शब्द गातो. मी डबा घेऊन गेले तेव्हा स्पीकरमधून आई निशाचं नाव गात होत्या. शेवटी येणारी बारीक खरखरसुद्धा तीच. मला भीती वाटली. हे करू नकोस, म्हणून मी सांगितलं. कोणाला कळणार आहे, असं तो म्हणाला.

आम्ही जेवत असताना तो भाग लागला. आईंचा घास हातातच राहिला. त्यांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि उठून हात धुतला. त्यानंतर लग्नाची सुपारी घेऊन कोणी आलं की गळा बसलाय म्हणून त्या परत पाठवायला लागल्या. गळा ठणठणीत होता. शेजारच्या कोंबड्यांना हाकलताना अख्ख्या आळीला ऐकू जायचा.

त्याच उन्हाळ्यात आमच्या मुलीचं, पूर्वीचं, लग्न ठरलं. जीवनने आईंपुढे सुपारी-नारळ ठेवला. नातीला त्या नाही म्हणणार नाहीत, अशी त्याची खात्री होती. माझीही होती.

त्या रागावल्या नाहीत. नारळ त्याच्याकडे सरकवून म्हणाल्या, "माजा आवाज तुज्याकडं हाय. तूच लाव."

त्याने खरंच धवळा बनवून ठेवला. लेकीचं नाव त्या आवाजात फार गोड लागत होतं. मला दोघांचाही संताप आला होता.

लग्नाच्या दिवशी आई नवं लुगडं नेसून नातीच्या शेजारी बसल्या. भटजींचं आटोपलं आणि बायका धवळ्यासाठी गप्प झाल्या. जीवन हातात मोबाईल घेऊन स्पीकरपाशी उभा होता. आई नातीच्या मुंडावळ्या सारख्या करत होत्या.

"बाबा, ते नको," पूर्वी म्हणाली.

त्याने मोबाईल खिशात टाकला, मांडवात येऊन उभा राहिला आणि स्वतःच गायला लागला. सूर पक्का होता. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, मग तो अडला. पुढचे शब्द त्याला येत नव्हते. त्याने आईंकडे बघितलं. सगळ्याच बघत होत्या. आईंचे ओठ त्याच शब्दांवर हलत होते, पण आवाज काही त्यांनी काढला नाही.