पुढची ओळ तपासू नको

धाकटीला ऑफिसात खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. तिची थोरली बहीण आधी त्याच कंपनीत होती, म्हणून ही धाकटी. थोरली नोकरी सोडून गेली, धाकटीचे कानशिलांवरचे केस पिकले, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. एकोणिसाव्या वर्षी एका आजारपणात तिची दृष्टी गेली होती. पुढचं सगळं शिक्षण आणि चौदा वर्षांची नोकरी तिने कानांच्या भरवशावर केली. संगणक पडद्यावरचा मजकूर तिला वाचून दाखवी, तोही इतक्या वेगाने की शेजारच्याला नुसती गुणगुण ऐकू यावी. कंपनी दवाखान्यांसाठी रुग्णांच्या वेळा लावून देणारं सॉफ्टवेअर बनवायची. त्यातला सगळ्यात जुना आणि किचकट भाग धाकटीकडे होता, कारण त्याला हात लावायला बाकीचे कचरत.

नवे साहेब आले आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी फर्मान काढलं की सगळ्यांच्या एडिटरमध्ये, म्हणजे जिथे कोड लिहितात त्या प्रोग्रॅममध्ये, लिंटर बसवायचा. लिंटर म्हणजे कोड लिहिता लिहिताच तो तपासणारा प्रोग्रॅम. काही चुकलं की त्या शब्दांखाली लाल नागमोडी रेघ उमटते. कल्पना चांगली होती, धाकटीलाही पटली. पण साहेबांनी एडिटरही सगळ्यांना एकच दिला आणि भिंतीवर एक भलामोठा स्क्रीन टांगला. कुणाच्या नावावर किती चुका उरल्या, ते रोज संध्याकाळी त्यावर झळकायचं.

नव्या एडिटरमध्ये तिला ओळ ऐकू यायची, पण ओळीखालची रेघ मुकी होती. धाकटीने तोंडी सांगितलं, लेखी कळवलं, पुन्हा जाऊन सांगितलं. साहेब म्हणाले, ते पुढच्या टप्प्यात बघू, तोवर शेजाऱ्याला विचारत जा. शेजारी मास्तर बसायचे; पूर्वी शिकवण्या घ्यायचे म्हणून मास्तर. पहिले दोन दिवस त्यांनी हौसेने सांगितलं, तिसऱ्या दिवशी उसासे टाकायला लागले, आणि चौथ्या दिवशी धाकटीने विचारणंच सोडून दिलं. भिंतीवर मास्तरांच्या नावापुढे शून्य होतं. धाकटीच्या नावापुढे दोनशे बारा, म्हणजे सगळ्यात जास्त. हे तिला कुणी सांगितलं नाही. चहाच्या खोलीत दोघं हळू आवाजात बोलत होते. इतकी वर्षं कानांवर जगलेल्या बाईसमोर हळू बोलून काही उपयोग नसतो, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

शुक्रवारच्या बैठकीत साहेबांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं की धाकटीची अडचण त्यांना समजते, म्हणून तिचं नाव यादीतून वगळण्यात येत आहे. आवाजात माया ओतली होती. दोघातिघांनी टेबलावर हलकेच टाळ्या वाजवल्या.

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोनशे बारांनी तिला एवढं लागलं नव्हतं.

“माझं नाव काढू नका,” ती म्हणाली. “मला रेघ दिसत नाही, एवढंच मी सांगितलं होतं. मला मोजू नका असं म्हटलं नव्हतं.”

साहेब म्हणाले, बैठकीनंतर बोलू. बैठकीनंतर त्यांना दुसरी बैठक होती.

रविवारी दुपारी ती लॅपटॉप घेऊन थोरलीकडे गेली. नव्या एडिटरची काही बटणं नुसत्या चित्रांची होती, त्यांना वाचण्यासारखं नावच नव्हतं; ती कुठली ते बघायला डोळे हवे होते. थोरलीने बघितलं, पण तोंडाचा पट्टा सुरू ठेवून. कशाला डोक्याला ताप करून घेतेस, नाव काढलं तर काढलं, पगार तर तोच मिळतो ना, असं तिचं म्हणणं.

“ताई, तुझं नाव असं काढलं असतं तर तू काय केलं असतंस?”

थोरलीने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मग म्हणाली, “कुठलं बटण म्हणालीस?”

तासाभरात धाकटीच्या लक्षात आलं की रेघ हा नुसता देखावा आहे. लिंटर हा वेगळाच प्रोग्रॅम. तो ओळीचा आकडा आणि चूक साध्या मजकुरात सांगतो, आणि एडिटर त्याची रेघ रंगवतो. मग रेघ हवी कशाला? तिने आपल्या जुन्या एडिटरमध्येच लिंटर जोडला. फाइल सेव्ह झाली की तो आपोआप चालायचा. सगळं ठीक असेल तर एक मऊ ठोका, नाहीतर जितक्या चुका तितक्या टिचक्या. एक कळ दाबली की थेट चुकीच्या ओळीवर उडी, आणि काय चुकलं ते कानात. तीन तास लागले, त्यातला अर्धा वेळ थोरलीशी वाद घालण्यात गेला. ज्याला साहेब ‘पुढचा टप्पा’ म्हणत होते, तो हा एवढासा होता.

सोमवारी तिने आपल्या दोनशे बारा चुका एकेक करून ऐकल्या. एकशे नव्वद तिच्या नव्हत्याच. फाइलला शेवटचा हात ज्याचा, त्याच्या नावावर अख्ख्या फाइलच्या चुका, असा हिशोब लावला होता, आणि जुन्या फाइलींना हात लावणारी ती एकटीच होती. उरलेल्या बावीस तिने जेवणाच्या सुट्टीआधी दुरुस्त केल्या.

मग तिने मास्तरांच्या फाइली उघडल्या. शून्य चुका कशा असतात ते तिला ऐकायचं होतं. दहाव्या ओळीवर आवाज म्हणाला, ‘पुढची ओळ तपासू नको’. सोळाव्या ओळीवर तेच. एकतिसाव्या ओळीवर तेच. लिंटरला गप्प करायची ही ठरावीक सूचना. कधीमधी ती खरंच लागते. मास्तरांनी ती त्रेचाळीस ठिकाणी लिहिली होती. एडिटर अशा सूचना फिकट रंगात दाखवतो, म्हणून डोळ्यांनी बघणारे त्यांच्यावरून सरळ पुढे जात. तिच्या कानांना फिकट-ठळक काही नव्हतं, सगळ्या ओळी सारख्याच वाजत.

तिने फाइलींची प्रत करून तिच्यातल्या त्या त्रेचाळीस सूचना काढल्या आणि लिंटर चालवला. बहुतेक चुका किरकोळ होत्या. एक नव्हती. ‘ही वेळ आधीच कुणाला दिली आहे का’ असं विचारणारी एक ओळ होती. तिच्यात बरोबरीच्या दोन चिन्हांऐवजी एकच पडलं होतं, म्हणून ती ओळ विचारण्याऐवजी ‘दिलेली नाही’ असं परस्पर ठरवून मोकळी व्हायची. एकाच वेळेला दोन रुग्ण. दवाखान्यांकडून दोन आठवडे तशा तक्रारी येत होत्या, आणि ऑफिसातून उत्तर जात होतं की तुमच्या काउंटरवरच्या बायका नीट नोंद करत नाहीत.

ती साहेबांच्या खोलीत गेली आणि मास्तरांनाही बोलावून घेतलं. पाठीमागे बोलायची तिला सवय नव्हती. लॅपटॉपचा आवाज मोठा केला, वेग इतरांना झेपेल इतका कमी केला आणि फाइल वाचायला लावली. बारा वेळा ‘पुढची ओळ तपासू नको’ ऐकून झाल्यावर मास्तर म्हणाले, बंद करा.

“शून्य पाहिजे होतं ना सगळ्यांना,” ते पुटपुटले. “मी शून्य दिलं.”

साहेब म्हणाले की धाकटीने आवाज जरा बेताचा ठेवायला हवा होता, बाहेर ऐकू जातं.

“बाहेर माझं दोनशे बारा भिंतीवर लावलं होतंत,” धाकटी म्हणाली. “तेव्हा नाही बेताने घ्यायचं सुचलं. काउंटरवरच्या बायकांना दोष दिलात, त्यांना कोण सांगणार?”

दुरुस्ती त्याच संध्याकाळी दवाखान्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये गेली. दवाखान्यांना पत्र गेलं, त्यात ‘तांत्रिक कारण’ असे शब्द होते; बायकांची माफी मागावी म्हणून ती अडून बसली, तेव्हा दुसरं पत्र गेलं. भिंतीवरचा स्क्रीन दुरुस्तीसाठी म्हणून उतरवला. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी विचारलं, ते टिचक्यांचं माझ्याकडेही बसवून द्याल का, रेघांनी डोळे दुखतात. तिने बसवून दिलं, पण हसली नाही.

आठवड्याने ती पुन्हा साहेबांसमोर बसली. यापुढे कुठलंही नवं साधन ऑफिसात येण्याआधी तिने ते वापरून बघितलेलं असलं पाहिजे, आणि हे लेखी हवं, एवढंच तिचं मागणं होतं. साहेब म्हणाले, टाकतो मेल. ती उठली नाही. त्यांनी टाईप केलं, पाठवल्याचा आवाज झाला, तेव्हा ती आपल्या जागेवर आली आणि मेल लावला. नेहमीच्या वेगाने तो चार सेकंदांत संपला. तिने पुन्हा लावला, या वेळी सावकाश.

‘शक्यतो’, असा एक शब्द मध्ये घुसवलेला होता.

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि परत साहेबांच्या खोलीकडे निघाली.