शेंदराखालचा सांधा

ट्रॅक्टरच्या बॉनेटवर तळहात ठेवताच ते उबदार लागले, आणि रामकिसनच्या काळजात चर्र झाले. जुने यंत्र विकणारा मनुष्य पुष्कळदा गिऱ्हाईक येण्यापूर्वी इंजिन चालवून ठेवतो, म्हणजे थंड असताना ते सुरू होण्यास किती कुरकुरते हे कोणास कळत नाही. असे आढळले की रामकिसन 'उद्या सकाळी येऊ' एवढेच बोलून माघारी फिरत असे. त्याचे अर्धे आयुष्य पडेगावात लोडर चालविण्यात गेले होते, आणि या करारीपणामुळेच वैजापूरपर्यंतची मंडळी जुने यंत्र घेण्याआधी त्याला सोबत नेत असत.

परंतु आज तो म्हणाला, "उन्हानं तापलं असंल."

ऊन अद्याप अंगणाच्या भिंतीपलीकडेच होते.

तरीही तो तसे म्हणाला याचे कारण असे की, यंत्राचे मालक साहेबराव हे त्याचे व्याही होते. दौलताबादच्या या घरात त्याची एकुलती कन्या प्रेरणा सून म्हणून नांदत होती. घेणारे जोडपे, सुलेखा आणि तिचा नवरा इंद्रजीत, हे वैजापूरकडचे. त्यांची पेरूची बाग होती. झाडांच्या ओळींतून जाईल असा लहान ट्रॅक्टर, पुढे माती उचलणारा लोडर आणि मागे चर खोदणारा लोखंडी हात, असे यंत्र ते कित्येक महिने शोधत होते. ते कोणाच्या दारी पाहावयाचे आहे हे रामकिसनला काल कळले होते; परंतु नाते सांगावे असे त्याच्या ओठांवर आले नाही.

प्रेरणा चहा घेऊन आली आणि वडिलांच्या पाया पडली, तेव्हा ते आपोआपच उघड झाले.

"म्हंजे हे तुमचे व्याही?" सुलेखा म्हणाली. "मामा, आधी सांगायचं नाय का? मी रातभर उगंच घोर केला. मशीन तर घरचंच निघालं."

"आता तपासायचं तरी कशाला?" इंद्रजीत बशीत चहा ओतत म्हणाला. "मामा लेकीच्या घरचं खोटं मशीन आपल्या गळ्यात घालतेत व्हय?"

"तपासा, तपासा," साहेबराव हसले. "व्याही लई कडक माणूस. लग्नात नवरदेवाच्या आधी घोडीचे दात बघितले यांनी."

सर्व हसले. रामकिसनही हसला, परंतु ते हसू त्याला परक्याच्या तोंडातले वाटले.

मग त्याने रीतसर काम आरंभिले. तेलाची पट्टी ओढून बोटांवर तेल चोळून पाहिले. लोडर जमिनीवर दाबून पुढची चाके उचलली, इंजिन बंद केले आणि चहा संपेपर्यंत वाट पाहिली. चाके तसूभरही खाली आली नाहीत. खोदणारे बकेट दोन्ही हातांनी हलवून पिना किती झिजल्या आहेत ते बघितले. हे सर्व चांगले होते, आणि चांगले आहे असे सांगताना त्याचा आवाज मोकळा लागत होता.

शेवटी मागचा लोखंडी हात राहिला. त्याच्या मध्यावर, जिथे वाक असतो तिथे, शेंदराचे ठसठशीत स्वस्तिक काढलेले होते आणि वर झेंडूची वाळलेली माळ होती. लोखंडावर कुठे जोड आहे का, हे चाचपण्यासाठी इंद्रजीतने बोटे फिरवत आणली आणि स्वस्तिकापाशी येताच अदबीने उचलून घेतली.

"दसऱ्याची पूजा हाय," साहेबराव म्हणाले. "राहू द्या. शुभ असतंय."

दरवर्षी या घरी स्वस्तिक बॉनेटवर काढत, हे रामकिसनला ठाऊक होते. यंदा बॉनेट कोरे होते. उन्हाळ्यात प्रेरणा फोनवर सहज बोलून गेली होती, "आबा, दगड उपसताना मशीनचा मागचा हात चिरला. मामंजींनी वेल्डिंग मारून आणलं." तो जोड त्या शेंदराखालीच असणार, हे त्याने ओळखले. आज आपण तोंड उघडले, तर या घरात कित्येक वर्षे प्रत्येक ताटाबरोबर तिला बापाची इमानदारी वाढली जाईल, असा विचार त्याच्या मनात आला.

"ठीक हाय," तो म्हणाला.

सुलेखाने पिशवीतून नारळ काढला. रामकिसनची अशी रीत होती की, पसंत केलेल्या यंत्राच्या बकेटवर नारळ तो स्वतः फोडीत असे. त्याची जबान ती तेवढीच; त्यानंतर कोणी शंका विचारीत नसे.

"फोडा, मामा," सुलेखा म्हणाली. "परवापासून चर खांदायचा. हे वर बसणार अन् मी खाली चरात, पाइप धरायला. यांचं निम्मं ध्यान मोबाइलात. म्हटलं, मशीन तरी भरवशाचं पाहिजे."

रामकिसनने नारळ उंच धरला. डोक्यावर तो लोखंडी हात आणि खाली चरात वाकलेली ही बाई, असे चित्र त्याच्यासमोर उभे राहिले, आणि नारळ धरलेला त्याचा हात खाली येईना.

त्याने नारळ डाव्या हातात घेतला. स्वस्तिकाला नमस्कार केला, माळ बाजूस सारली आणि उपरण्याच्या टोकाने शेंदूर पुसू लागला. तेलातला शेंदूर सहजी निघेना. तो घासत राहिला. आतून वेल्डिंगचा ओबडधोबड सांधा वर आला. त्या सांध्यातून निघालेली केसासारखी नवी चीर पुढच्या कोऱ्या लोखंडात गेली होती.

"व्याही," साहेबराव हळूच म्हणाले, "हे घरात सांगायचं होतं."

"म्या घरातच सांगाया पाहिजे होतं. उन्हाळ्यातच," रामकिसन म्हणाला.

सुलेखाने चिरेवर नख फिरवले. "मामा, तुम्हाला ठाव होतं?"

"व्हय."

"अन् मशीन उन्हानं तापलं म्हणालात ते?"

"ते बी खोटं, बाई."

त्याच्या हातून तिने नारळ काढून घेतला, पदराने पुसला आणि पिशवीत ठेवला. येताना इंद्रजीतने आग्रहाने त्याला गाडीत पुढे बसविले होते. जाताना त्याने काच खाली केली, थोडा थांबला आणि काच पुन्हा वर करून निघून गेला. रामकिसनला त्याचा यत्किंचितही राग आला नाही. चीर दाखविणारा आणि ती झाकणारा मनुष्य एकच असेल, तर त्याला शेजारी कोणी का बसवावे?

साहेबराव पाठ फिरवून आत गेले. आतून भांडे आदळल्याचा आवाज आला. प्रेरणा तांब्या घेऊन ओसरीवरून खाली उतरली.

"आबा, हात करा पुढं. शेंदूर लागलाय."

ती पाणी घालू लागली. तेलावरून पाणी नुसते घरंगळून जात होते आणि बोटे तशीच तांबडी राहिली.

"राहू दे, बाई. तू आत जा. वाट बघत असतील."

"जाते," ती म्हणाली आणि तांब्या संपेपर्यंत तिथेच उभी राहिली.